मनोऱ्यावरचं घड्याळ पुन्हा चालू करायचं असेल तर

आमच्या तालुक्याच्या गावातलं मनोऱ्यावरचं घड्याळ सप्टेंबर २०२५ पासून चालू आहे. त्याआधी ते चौदा वर्षं बंद होतं आणि चार दिशांना चार वेगळ्या वेळा दाखवत होतं. ते सुरू झाल्यापासून आसपासच्या गावांतून फोन येतात. कुणाच्या वाचनालयावर घड्याळ आहे, कुणाच्या मंडईवर, कुणाच्या जुन्या दवाखान्यावर. सगळ्यांचा प्रश्न एकच: बाई, सुरुवात कुठून करायची? फोनवर अर्धवट सांगितलं जातं, म्हणून एकदा क्रमाने लिहून ठेवते. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. फाइलवर सह्या करणारी माणसं अजून त्याच खुर्च्यांवर आहेत, आणि त्यातली दोन-तीन माझ्या वर्गात बसलेली आहेत.

मी विज्ञानाची शिक्षिका होते. लंबकाचं सूत्र फळ्यावर लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, पण मनोऱ्यातलं घड्याळ आतून कधी पाहिलं नव्हतं. हे काम हातात घ्यायला मी लायक होते असं नाही. मला वेळ होता, एवढंच.

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही पाच-सहा जणांनी नगरपरिषदेला पहिलं पत्र दिलं. इथेच पहिली सूचना: पत्राच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पुढे प्रत्येक वेळी 'तुमचं पत्र मिळालेलं नाही' या वाक्याला तो शिक्काच उत्तर देतो. पत्र गेलं बांधकाम विभागात. त्यांचं म्हणणं, मनोरा आमचा, घड्याळ आमचं नाही. विद्युत विभाग म्हणाला, हे विजेवर चालत नाही, आमचा संबंध नाही. आरोग्य विभागाने कबुतरांपुरती जबाबदारी मान्य केली. एकाही माणसाने उद्धट उत्तर दिलं नाही. चहा पाजला, 'बाई, तुम्ही कशाला जिने चढलात' म्हणून हळहळले, आणि फाइल जिथल्या तिथे राहिली.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने, जो आता वकिली करतो, माहितीचा अधिकार वापरायला सांगितलं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, साध्या कागदावर अर्ज, तीस दिवसांत उत्तर बंधनकारक. प्रतींचे पानामागे दोन रुपये. अर्जात 'घड्याळ बंद का आहे?' असं विचारू नका. 'का'ला उत्तर द्यायला ते बांधील नसतात. त्यांच्याकडे असलेला कागद मागा. आम्ही मागितलं ते असं: मालमत्ता नोंदवहीतलं मनोऱ्याचं पान, गेल्या वीस वर्षांत घड्याळावर झालेल्या खर्चाच्या नोंदी, आणि चावी देण्यासाठी कुणाची नेमणूक होती त्याचे आदेश.

उत्तर मुदतीत आलं. मालमत्ता नोंदवहीत मनोरा होता, घड्याळ नव्हतं. देखभालीचा खर्च शून्य. पण वार्षिक अंदाजपत्रकाच्या प्रतींमध्ये एक ओळ सापडली: 'टॉवर घड्याळ चावी मानधन'. पूर्वी त्यापुढे रक्कम असायची. चावी देणारे गृहस्थ २०११ मध्ये निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणाला घेतलं नाही, आणि तेव्हापासून दरवर्षी त्या ओळीपुढे शून्य छापलं जात होतं. ओळ मात्र कुणी खोडली नव्हती. म्हणजे घड्याळ बिघडून बंद पडलेलंच नव्हतं. आठवड्याला दोनदा जिना चढणारा माणूस गेला, म्हणून ते थांबलं. बिघाड नंतरच्या वर्षांत साचला. हा कागद हातात आला आणि आमच्या अर्जाची भाषा बदलली. 'घड्याळ दुरुस्त करा' हे वाक्य काढून टाकलं. 'अस्तित्वात असलेल्या लेखाशीर्षाखाली तरतूद करावी व घड्याळाची मालमत्ता नोंदवहीत नोंद घ्यावी' असं लिहिलं. लेखापालांनी पहिल्यांदा मान वर करून पाहिलं.

तेवढ्यात १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत नवीन काहीही होणार नव्हतं. हा काळ आम्ही वर चढून बघण्यात घालवला. पण तोंडी परवानगीवर चढू नका. आम्ही आधी मनोऱ्याचं स्ट्रक्चरल ऑडिट व्हावं असा आग्रह धरला. ती फी, २२,००० रुपये, नगरपरिषदेने भरली. जिन्याच्या दोन फळ्या आणि वरच्या खोलीची एक तुळई बदलावी लागेल, बाकी दगडकाम ठणठणीत, असा अहवाल आला. तुमचं बांधकाम वारसा यादीत किंवा संरक्षित स्मारकात असेल तर परवानग्यांचा आणखी एक थर असतो. आमचं नव्हतं, त्यामुळे त्याबद्दल मला सांगता येणार नाही.

वरच्या खोलीत कबुतरांच्या विष्ठेचा गुडघाभर थर होता. हा विषय किळसवाणा आहे म्हणून टाळू नका. वाळलेल्या विष्ठेची धूळ छातीत गेली तर फुप्फुसांचे गंभीर संसर्ग होतात. चांगला मास्क आणि हातमोजे घाला, आणि थर आधी पाण्याने भिजवून मगच काढा. कोरडा झाडू मारू नका. घड्याळाच्या दृष्टीनेही हा थर वाईट, कारण त्यातून अमोनिया सुटतो आणि अमोनिया पितळेचा वैरी आहे. ब्रिटिश काळात इथल्या लष्कराच्या काडतुसांची पितळी नळकांडी पावसाळ्यात आपोआप तडकायची. घोड्यांच्या पागांजवळ ठेवलेल्या साठ्यात हे जास्त व्हायचं. ताणाखाली असलेलं पितळ, दमट हवा आणि अमोनिया एकत्र आले की तडे जातात, याचा उलगडा विसाव्या शतकात झाला. आमच्या घड्याळाच्या एका पितळी चाकाच्या आऱ्याला असाच केसासारखा तडा निघाला. म्हणून स्वच्छतेसाठी कुणी अमोनियाचं द्रावण सुचवलं तर नको म्हणा.

दक्षिणेकडच्या तबकडीखाली आग्या मोहोळ होतं. त्याला हात लावला नाही. पावसाच्या आधी माश्या आपणहून उठून गेल्या आणि मग रिकामं पोळं काढलं. धूर-आग करणारे लोक येतील. त्यांना वर जाऊ देऊ नका.

यंत्र दिसल्यावर मात्र माझा जीव भांड्यात पडला. मनात चित्र होतं ते गंजलेल्या भंगाराचं. प्रत्यक्षात ओतीव लोखंडाची एक लांब, सपाट चौकट, तिच्यावर चाकांच्या दोन रांगा, आणि सगळं जागच्या जागी. एक रांग वेळ चालवणारी, दुसरी ठोके देणारी. प्रत्येक रांगेला स्वतःचं पिंप, त्यावर गुंडाळलेली तारेची दोरी, दोरीच्या टोकाला मनोऱ्याच्या पोटात लोंबणारं वजन. वेळेचं वजन ऐंशी किलोच्या आसपास, ठोक्यांचं जवळजवळ दुप्पट, कारण घंटेवर हातोडा उचलून मारायला जोर लागतो. चौकटीवर आतल्या बाजूला तळहाताएवढी एक तबकडी असते. बाहेरचे काटे कुठे आहेत हे आत उभं राहून कळावं म्हणून ती. बहुतेक वेळा त्याच तबकडीवर बनवणाऱ्याचं नाव आणि साल सापडतं. आमच्यावर १९२६ होतं. तिचा फोटो काढून ठेवा; मिस्त्री शोधताना पहिली विचारणा त्याचीच होते.

मिस्त्री शोधणं हा स्वतंत्र अध्याय आहे. मनगटी घड्याळं दुरुस्त करणारे आमच्या गावातले काका वर आले, भिंग डोळ्याला लावायची गरज नाही म्हणून हसले, आणि प्रामाणिकपणे म्हणाले, 'ताई, कारण कळतंय, पण एवढी वजनं मी कधी हाताळली नाहीत.' त्यांनीच दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मिस्त्रींचा पत्ता दिला. त्यांच्या घरात वडिलांपासून मनोऱ्याची घड्याळं सांभाळायचं काम. जुलैमध्ये ते आले. दिवसभर काहीही न उघडता नुसतं बघत होते. लंबकाची दांडी हाताने हलवून किती आंदोलनांनी थांबते ते मोजलं, प्रत्येक चाक हलवून त्याचा आस छिद्रात किती डुलतो ते पाहिलं. मग निदान सांगितलं. आसांची छिद्रं लंबगोल झिजलेली, तिथे गनमेटलचे बुश, म्हणजे छिद्रात बसणाऱ्या कड्या, घालावे लागतील. लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीवर टांगलेला असतो ती पट्टी तुटण्याच्या बेतात. तारेच्या दोऱ्या दोन्ही बदलायच्या. आणि चाकांच्या दातांवर कुणीतरी वर्षानुवर्षं गाडीचं ग्रीस थापलेलं, त्यात धूळ बसून काळा दगड झालेला. 'तेल पिवटाला द्यायचं, दाताला नाही,' ते म्हणाले. पिवट म्हणजे छिद्रात फिरणारं आसाचं टोक. पोलादी दात पितळेवर कोरडेच चालतात. तेल लावलं की धूळ चिकटते आणि तीच कानसासारखी दात खाते. चावी देणाऱ्या माणसाला शिकवायच्या गोष्टींत ही पहिली ठेवा, कारण उत्साही माणूस तेलाची बुधली घेऊनच वर जातो.

मिस्त्रींनी सांगितलेली दुरुस्ती ८६,००० रुपयांची होती, त्यात दोऱ्या आणि लेथचं काम आलं. इथे खरी सरकारी गाठ बसली. नगरपरिषद काम करते दरसूचीवर. विटा, गिलावा, रंग, पाइप, सगळ्याचे दर त्यात असतात. मनोऱ्याच्या घड्याळाचा बुश त्यात नसतो. दरसूचीत नसलेल्या कामाला तीन दरपत्रकं लागतात. यांत्रिक घड्याळ दुरुस्त करायला तयार असलेला माणूस आम्हाला एकच सापडला होता. बाकी दोन दरपत्रकं आली ती इलेक्ट्रॉनिक घड्याळ बसवून देणाऱ्यांची: जुनं यंत्र काढायचं, प्रत्येक तबकडीमागे छोटी मोटर, उपग्रहावरून वेळ आपोआप जुळणार, ठोक्यांसाठी भोंगा. तुलनात्मक तक्त्यात त्यांचा दर कमी. नियमाप्रमाणे काम त्यांना जायला हवं होतं.

त्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. ती घड्याळं वेळ उत्तम दाखवतात, वजनं चढवायला माणूस लागत नाही, आणि ज्या गावात वर चढायला कुणीच तयार नाही तिथे मी स्वतः तीच सुचवीन. पण आमच्याकडे शंभर वर्षांचं यंत्र शाबूत होतं आणि ते भंगारात किलोवर गेलं असतं. तोडगा निघाला तो शब्दांत. आम्ही नवीन अर्ज देऊन कामाचं वर्णन 'टॉवर घड्याळ दुरुस्ती' ऐवजी 'मूळ यांत्रिक यंत्रणा कायम ठेवून तिची दुरुस्ती व पुनर्बांधणी' असं करून घेतलं. मग मोटरवाल्यांची दरपत्रकं त्या कामासाठी ग्राह्यच राहिली नाहीत. हे वाक्य तुमच्या पहिल्या पत्रात असू द्या. आमचे चार महिने वाचले असते.

तरी एकच दरपत्रक उरल्याचा प्रश्न होताच, आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. नोव्हेंबरअखेर ती उठेपर्यंत आम्ही कामाचे दोन भाग केले. परांची, जिना, तुळई, कबुतरांची जाळी, वायरिंग ही नेहमीची कामं नगरपरिषदेकडे, तिच्या दरसूचीप्रमाणे. घड्याळाच्या यंत्राचं काम आमच्या नोंदणीकृत सार्वजनिक वाचनालयाने लोकवर्गणीतून करून द्यायचं आणि ते नगरपरिषदेने स्वीकारायचं. वर्गणी वाचनालयाच्या खात्यावर, प्रत्येकाला पावती, हिशोब फलकावर. नोंदणी नसलेल्या 'घड्याळ समिती'च्या नावाने पैसे गोळा करू नका. चांगल्या कामात संशय शिरायला तेवढं पुरतं. करारनामा ५०० रुपयांच्या मुद्रांकावर केला. २०२४ च्या ऑक्टोबरपासून १०० चा चालत नाही, हे आम्हाला मुद्रांक विक्रेत्याने सांगितलं.

त्या काळात नगरपरिषदेवर निवडून आलेली मंडळी नव्हती, प्रशासक होते. त्याचा तोटा सगळ्यांना माहीत आहे. फायदा एक झाला: ठराव एका सहीवर होत होता. जानेवारी २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. करारनाम्यात मी एक कलम हट्टाने घालून घेतलं, की यंत्र उघडण्याआधी चावी देणाऱ्याची नेमणूक आणि त्याच्या मानधनाची अंदाजपत्रकीय तरतूद झालेली असेल. मुख्याधिकारी हसून म्हणाले, 'बाई, आधी चालू तर होऊ दे.' मी म्हटलं, साहेब, ते मागच्या वेळीही चालूच होतं. कलम राहिलं. महिना १,५०० रुपये मानधन ठरलं. फार नाही, पण त्या ओळीपुढचं शून्य गेलं.

एप्रिलमध्ये यंत्र उघडलं. कुणीही हे काम बघायला किंवा करायला जाणार असेल तर एवढं लक्षात ठेवा: सर्वांत आधी वजनं उतरवायची. दीडशे किलोचं वजन दोरीला लटकत असताना एखादं चाक मोकळं केलं तर पूर्ण रांग सुसाट फिरते, दात उडतात आणि मधे आलेला हातही जातो. मनोऱ्याच्या तळाशी जिथे वजन येतं तिथे वाळूची पेटी हवी. आमच्याकडे होती, पण वाळूऐवजी कुणीतरी जुने फलक कोंबले होते. सुटे भाग ट्रॅक्टरने गावातल्या वर्कशॉपला नेले. तिथले अण्णा एरवी उसाच्या चरकाचे आणि पंपाचे आस बनवतात. त्यांनी मिस्त्रींच्या देखरेखीखाली बुश लेथवर काढले. मी रोज तिथे स्टूल टाकून बसे. तडा गेलेलं चाक मात्र त्यांनी हातात घेतलं नाही. ते चाक मिस्त्री आपल्या गावी घेऊन गेले आणि आऱ्याला मागून पट्टी जोडून आणलं.

मे महिन्यात परांची उभी राहिली आणि तबकड्यांचं काम झालं. जुनी दुधी काच फुटलेली होती तिथे दुधी ॲक्रिलिक. मला काच हवी होती, पण भाव आणि उंची दोन्ही बघता गप्प बसले. काटे उतरवले तेव्हा मिनिटकाटा माझ्या उंचीपेक्षा लांब निघाला. त्याच्या मागच्या टोकाला तोल साधणारं वजन असतं. ते नसेल तर काटा सहाकडे उतरताना धावतो आणि बाराकडे चढताना रखडतो. रंग देताना हे लक्षात ठेवा, कारण जाड रंगाचे तीन हात दिले की तोल बिघडतो.

पावसाने जून-जुलै खाल्ले. ऑगस्टमध्ये जोडणी झाली आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला लंबक हलवला. लंबक सव्वादोन मीटरच्या आसपास लांब, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला दीड सेकंद. दिवसाला ५७,६०० झोके. त्या आवाजाचं वर्णन करायचा मोह आवरते, पण त्या दिवशी मिस्त्री, अण्णा, मनगटी घड्याळवाले काका आणि मी, चौघंही बराच वेळ खाली उतरलो नाही.

पुढचं काम वेळ जुळवण्याचं, आणि माझ्या आवडीचं. लंबकाच्या तळाशी नट असतो. तो वर फिरवला की लंबक आखूड होतो आणि घड्याळ पुढे पळतं. आमच्या लांबीला एक मिलिमीटर म्हणजे दिवसाला एकोणीस सेकंदांचा फरक. नटने मोठा फरक काढायचा. शेवटच्या दोन-चार सेकंदांसाठी लंबक थांबवायचा नाही. दांडीच्या मध्यावर एक छोटं ताट बसवून घेतलं आहे. त्यात नाणं ठेवलं की घड्याळ किंचित पुढे जातं. लंडनच्या बिग बेनला जुनी पेनी वापरतात, एका पेनीला दिवसाकाठी ०.४ सेकंद. आमच्या लंबकाचा गोळा त्याच्या मानाने हलका, सुमारे पन्नास किलोचा, त्यामुळे पाच रुपयांचं ते जुनं, जाड, नऊ ग्रॅमचं नाणं दिवसाला जवळजवळ दोन सेकंदांचा फरक करतं. नाणं अलगद ठेवायचं, टाकायचं नाही. वेळ कशाशी ताडायची? दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेची प्रमाणवेळ संकेतस्थळावर मिळते. मोबाइलची वेळही या कामाला पुरेशी आहे.

हिवाळ्यात घड्याळ पुढे जाऊ लागलं तेव्हा घाबरून नट फिरवू नका. लोखंडी दांडी थंडीत आखडते. एका अंशाला दिवसाला साधारण अर्धा सेकंद. आमच्याकडे मे आणि जानेवारीच्या सरासरीत पंधरा अंशांचा फरक धरला तर सात-आठ सेकंद झाले. हाच त्रास टाळण्यासाठी पूर्वी लाकडी दांड्या वापरत, आणि नंतर इन्व्हार नावाचा, तापमानाने जवळजवळ न बदलणारा मिश्रधातू आला. तो शोधणाऱ्या गियोम यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आम्ही दांडी बदलणार नाही. थंडीत एक-दोन नाणी काढायची, उन्हाळ्यात परत ठेवायची, असं काकांनी ठरवलं आहे.

काका म्हणजे तेच मनगटी घड्याळवाले. चावी देण्याचं काम त्यांनीच घेतलं. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी हँडल लावून दोन्ही वजनं वर घ्यायची, अर्ध्या तासाचा व्यायाम. हँडल फिरवताना वजनाचा जोर चाकांवरून निघून जातो आणि घड्याळ थांबू शकतं, म्हणून यंत्रात एक वेगळा खटका असतो, जो तेवढा वेळ चाकाला ढकलत राहतो. तो आधी गुंतवायचा, मग हँडल. काट्यांना बाहेरून हात लावायचा नाही. वेळ लावायची ती आतल्या छोट्या तबकडीवरून, आणि पुढेच न्यायची, प्रत्येक तासाचे ठोके पूर्ण पडू देत.

ठोक्यांचं गणित वेगळं आहे हे लोकांना माहीत नसतं. आमच्या घड्याळात ठोके मोजणारं चाक काट्यांना विचारत नाही. त्याच्या कडेला खाचा आहेत, आणि एकानंतर दोन, दोनानंतर तीन, असं ते आपल्या क्रमाने जात राहतं. काटे दर तासाला त्याला फक्त 'वाजव' म्हणतात. म्हणून मधे एक तास हुकला तर सहा वाजता पाच ठोके पडतात आणि पुढे प्रत्येक तासाला तेच. दुरुस्ती सोपी आहे: खटका हाताने उचलून एक फेरी जास्त वाजवून घ्यायची. पहिल्या आठवड्यात हे झालं आणि गावात दोन पक्ष पडले.

नंतर रात्रीच्या ठोक्यांविरुद्ध अर्ज आला. दिवसाचे १५६ ठोके, त्यातले बरेच रात्री. चौदा वर्षं शांततेत झोपलेल्या माणसाचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही. मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, ठोक्याची रांग बंद करू नका, नाहीतर सकाळी हिशोब चुकेल. हातोड्याला जाणारी तार तेवढी ढिली ठेवायची सोय करा. चाक मोजत राहील, घंटा वाजणार नाही. अण्णांनी त्यासाठी एक दांडा बनवला. तो आता खालच्या मजल्यावरून ओढता येतो आणि रात्री दहाला पहारेकरी ओढतो, सकाळी सहाला सोडतो.

वेळेबद्दल गावं हट्टी असतात, हे काही आजचं नाही. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यावरही मुंबईने आपली स्थानिक वेळ, प्रमाणवेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागची, १९५५ पर्यंत सोडली नव्हती. आमच्याकडे एक गृहस्थ रोज सकाळी फोन करून घड्याळ किती सेकंद चुकलं ते सांगतात. सुरुवातीला वैताग आला. आता काका त्यांचे आकडे नोंदवहीत उतरवून घेतात, कारण ते रोज एकाच वेळी बघतात, आणि अशी नोंद पैसे देऊन मिळणार नाही.

एकूण खर्च, विचारणाऱ्यांसाठी: यंत्राचे ८६,०००, तडा गेलेल्या चाकाचे वर ७,५००, तबकड्या आणि काटे ३१,०००, हे वर्गणीतून. परांची, जिना, तुळई, जाळी आणि दिवे मिळून १,१८,००० नगरपरिषदेचे. नगरपरिषदेचं बिल काढताना कनिष्ठ अभियंत्यांना मोजमाप पुस्तिका भरायची होती. परांची चौरस मीटरमध्ये, जाळी चौरस मीटरमध्ये, आणि वर्गणीतून झालेलं काम स्वीकारल्याची नोंद 'घड्याळ, नग १'. मालमत्ता नोंदवहीतही आता तीच ओळ आहे. त्या पानाची साक्षांकित प्रत मी घेऊन ठेवली आहे, तुम्हीही घ्या.

काकांच्या मानधनाचं पहिलं बिल ऑक्टोबरमध्ये गेलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला नगरपरिषद निवडणुकीची आचारसंहिता लागली, तेव्हा ते बाजूला ठेवलं गेलं. नंतर परत आलं, त्यावर लेखा विभागाचा शेरा: 'चावी दिल्याबाबतचा पुरावा जोडावा.' काकांनी नोंदवहीच्या झेरॉक्स जोडल्या आहेत, तारीख, वेळ, काढलेली-ठेवलेली नाणी आणि फोन करणाऱ्या गृहस्थांचे सेकंद, सगळं त्यात आहे. बिलावर या वेळी आवक क्रमांक घेतला आहे.